स्क्रेपिंग (कारखान्यातील हातकाम)

बिडाच्या पृष्ठभागावरचे उंचवटे हातातल्या स्क्रेपरने खरवडून तो सपाट करण्याच्या कामाला स्क्रेपिंग म्हणतात. जुन्या कारखान्यांत लेथचा बेड (ज्यावर त्याचे भाग सरकतात तो लांब पाया), मिलिंग मशीनच्या स्लाइड (सरकते भाग), सरफेस प्लेट (सपाटी तपासण्याची प्लेट) यांची शेवटची अचूकता फिटरच्या या हातकामातूनच येई.

पूर्वी दोन पृष्ठभाग एमरी या कठीण खनिजाची पूड घालून एकमेकांवर घासत. पूड सगळीकडे सारखी पसरत नसल्याने घासही असमान पडे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे स्क्रेपिंगची बाजू मांडली. त्याच्या पद्धतीत तीन प्लेट लागतात. दोनच असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या बिनचूक जुळतात. तिसरी प्लेट दोघींशी आळीपाळीने लावली की हा दोष उघडा पडतो. आधीचा कोणताही सपाट नमुना हाताशी नसताना सपाटी निर्माण करणारी ही युक्ती यंत्रयुगाच्या पायाशी आहे, आणि तिचे श्रेय सहसा हातांपेक्षा यंत्रांना दिले जाते.

मास्टर प्लेटवर, म्हणजे आधीच सपाट असलेल्या नमुना प्लेटवर, प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ थर लावून ती कामावर फिरवतात. निळे उमटलेले ठिपके खरवडायचे, पुसायचे, पुन्हा ब्लू लावायचा, हे कित्येकदा चालते. नवशिका गडद निळ्या ठिपक्यावर तुटून पडतो. मुरलेला फिटर मात्र निळ्या कड्याच्या मधोमध चमकणारा उघडा ठिपका शोधतो, कारण सर्वांत उंच जागेवरचा रंग घासून निघून गेलेला असतो. एका फटक्यात काही मायक्रॉनच धातू निघतो. मोठ्या कामात स्क्रेपरची मूठ कमरेला टेकवून अंगाच्या रेट्याने ढकलतात आणि दर फेरीला दिशा बदलतात. २५ मिमी बाजूच्या चौरसात किती ठिपके टेकतात यावर दर्जा ठरतो. ठिपक्यांमधल्या खोलगट जागांत तेल टिकते, म्हणून स्लाइड न अडखळता सरकते.

पुढे स्लाइडवे ग्राइंडिंग (सरकपट्ट्या यंत्राने घासणे), प्लास्टिकचे अस्तर आणि गोळ्या किंवा रोलरवर सरकणाऱ्या लिनिअर गाइडमुळे हे काम आक्रसले. अतिअचूक मशीन बनवताना आणि जुन्या मशीनच्या पुनर्बांधणीत ते आजही होते.

या कौशल्याची नोंद ठेवणे अवघड आहे. संग्रहालयात स्क्रेपर ठेवता येतो, हाताचा दाब ठेवता येत नाही. फिटरला खुर्चीवर बसवून विचारले तर ‘हाताला कळतं’ याच्या पलीकडे फारसे हाती लागत नाही. हातात हत्यार देऊन, समोर बीड ठेवून बोलते केले तर धार बोथट झाल्यावर बदलणारा आवाज आणि बदललेला कोन तो आपोआप दाखवतो. म्हणून मुलाखत वर्कबेंचपाशीच घ्यावी.

दुसरी नोंद मशीनवरच असते. जुन्या लेथच्या बेडवर हेडस्टॉकजवळ (काम फिरवणाऱ्या टोकाजवळ) स्क्रेपिंगच्या खुणा झिजलेल्या आढळतात. टेलस्टॉककडच्या (कामाला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या भागाकडच्या), कमी वापराच्या टोकाला मूळ फिटरचे फटके बरेचदा शाबूत असतात. पुनर्बांधणीत नवे स्क्रेपिंग केले की तेही पुसले जातात, त्यामुळे त्यांची छायाचित्रे काम सुरू करण्यापूर्वीच काढावी लागतात.