पार्थेनॉनचे मेटोप आणि फ्रीझ: घोडे दोन्हीकडे, पण शिल्पं वेगळी

अथेन्सच्या पार्थेनॉनचे फोटो टाकताना लोक खाली सरसकट ‘फ्रीझ’, म्हणजे कोरलेला आडवा शिल्पपट्टा, असं लिहून मोकळे होतात. संगमरवर तोच, तरुणही तसेच उघडे, घोड्याचे पायही दिसतात. मग फरक कोण बघतो? काटेकोर बोलायचं तर बाहेरच्या अख्ख्या पट्ट्यालाही डोरिक (ग्रीक बांधकामाची एक शैली) फ्रीझच म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. पण या मंदिरावर मेटोप आणि फ्रीझ अशा शिल्पांच्या दोन वेगळ्या रांगा होत्या, वेगळ्या जागी आणि वेगळ्या हिशोबाने कोरलेल्या.

मेटोप बाहेरच्या खांबांच्या वर असतात. तिथे तीन उभ्या पट्ट्यांचे ठोकळे, म्हणजे त्रिग्लिफ, ओळीने बसवलेले दिसतात. दोन त्रिग्लिफांच्या मधला सव्वा मीटरच्या आसपासचा चौकोन म्हणजे मेटोप. पार्थेनॉनवर असे 92 होते आणि प्रत्येकात एक सुटा प्रसंग, बहुधा दोघांची झुंज. दक्षिणेकडच्या मेटोपांत ग्रीक पुराणकथांतले लॅपिथ लोक आणि अर्धे माणूस-अर्धे घोडे असलेले सेंटॉर भिडलेत: कुणी कुणाचा गळा धरलाय, कुणी मेलेल्या शत्रूवर उड्या मारतोय. इथले घोडे बरेचसे सेंटॉरांचे, म्हणजे कमरेवर माणूसच. आकृती दगडातून इतक्या पुढे काढल्यात की काही हातपाय मागच्या फळीपासून सुटेच आहेत. लांबून, भर उन्हात, खालून बघायचं काम. सावली पडल्याशिवाय काही कळलंच नसतं.

फ्रीझ आत आहे. बाहेरच्या खांबांच्या मागे गाभाऱ्याची भिंत, तिच्या माथ्यावर चारही बाजूंनी फिरणारा सुमारे 160 मीटर लांब आणि एक मीटर उंच पट्टा. मध्ये त्रिग्लिफ नाहीत, चौकटी नाहीत. एकच मिरवणूक नैर्ऋत्य कोपऱ्यातून दोन फाट्यांनी निघते आणि पूर्वेला बसलेल्या देवांपाशी पोचते. बहुतेक अभ्यासक तिला अथीना देवीच्या उत्सवाची, पॅनाथेनियाची मिरवणूक मानतात. कोरीवकाम जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर खोल, तरी त्यात चार-चार घोडे एकामागे एक दौडतात. जवळून पाहिलं तर घोड्यांच्या तोंडाशी बारीक भोकं दिसतात. तिथे धातूचे लगाम अडकवलेले असत. शिवाय वरचा भाग खालच्यापेक्षा जरा जास्त खोल कोरलाय, कारण बघणारा बारा मीटर खाली उभा. एवढं सगळं छताखालच्या अंधारात, मध्ये खांब आडवे येणाऱ्या जागी! माझ्या मते मंदिरातलं सर्वांत सुंदर काम सर्वांत अडचणीच्या जागी गेलं.

असा सलग पट्टा ही आयोनिक या दुसऱ्या ग्रीक शैलीची रीत, डोरिक मंदिरात पाहुणीच. पुढच्या आणि मागच्या दालनांवर फ्रीझच्या खाली डोरिक पद्धतीच्या छोट्या पट्ट्या आणि थेंबासारखे गोळे अजून आहेत. त्यावरून काहींना वाटतं की तिथेही आधी मेटोपच बसवायचे होते आणि बेत मागाहून बदलला. काम इ.स.पू. 447 ते 432 या काळात चाललं. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस हे वास्तुकार, शिल्पांवर देखरेख शिल्पकार फिडियसची.

नशीबही दोघांचं वेगळं निघालं. मंदिराचं चर्च झालं तेव्हा पूर्व, पश्चिम आणि उत्तरेकडचे बहुतेक मेटोप छिन्नीने खरवडून काढले गेले. आत दडलेल्या फ्रीझला तेवढी झळ बसली नाही. पुढे 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूगोळ्याचा साठा उडाला, तेव्हा मात्र दोन्ही लांब बाजूंची मधली शिल्पं कोसळली.

ब्रिटिश म्युझियममध्ये आज 15 मेटोप आहेत, सगळे दक्षिणेचे, आणि फ्रीझचे सुमारे 75 मीटर. मात्र तिथे फ्रीझ दालनाच्या आतल्या भिंतींवर लावलीय, त्यामुळे मंदिराला बाहेरून वळसा घालणारी मिरवणूक आपल्याभोवती फिरते. अथेन्सच्या अक्रोपोलिस म्युझियममध्ये ती मधल्या चौकोनी गाभ्यावर बाहेर तोंड करून आहे आणि मेटोप तिच्यापुढे पोलादी खांबांच्या मध्ये. तिथे एक फेरी मारली की कोण कुठे होतं ते आपोआप कळतं.