वारा खिडकीतून, ओढ माळ्यावरून

ब्रिटनमध्ये व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ दरम्यानच्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात एक कोडं पडतं. खिडक्या घट्ट लावल्यात, हीटर चालू आहे, तरी मानेला गार वारा लागतोच. खिडक्याच बदलून टाका, असा सल्ला लगेच मिळतो. मला तो घाईचा वाटतो. वारा येतो कसा, ते आधी समजून घ्यायला हवं.

या घरांत वर-खाली सरकणाऱ्या लाकडी सॅश खिडक्या असतात. काचेच्या दोन झडपा दोरीला टांगलेल्या, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाची वजनं बाजूच्या पोकळ चौकटीत. झडप सरकायची तर थोडी सैल हवीच. खिडकी १ मीटर रुंद आणि १.६ मीटर उंच असेल, तर दोन्ही झडपांभोवतीच्या फटींची एकूण लांबी सव्वासहा मीटरच्या आसपास भरते. फट २ मिलिमीटर धरली, तरी सुमारे १२० चौरस सेंटीमीटर जागा उघडी राहते. एवढ्यासाठी भिंतीला ११ सेंटीमीटर लांब-रुंद भोक पाडावं लागेल!

फट असली तरी हवा आत ढकलणारं काहीतरी लागतंच. बाहेरचा वारा हे एक कारण. दुसरं घरातच असतं. शून्य अंशाला घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.२९ किलो, तर २० अंशाला १.२० किलो. घरातली हलकी हवा वर चढते, माळ्याच्या झाकणाच्या कडेने आणि जुन्या धुराड्यातून निसटते, आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून गार हवा शिरते. ८ मीटर उंच घरात यातून साधारण ७ पास्कल दाबफरक तयार होतो. आकडा लहान आहे, पण बाहेर वारा पडला तरी ही ओढ रात्रभर थांबत नाही. त्यामुळे खालच्या खिडकीचा निम्मा इलाज वर असतो: माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावा आणि बंद पडलेल्या धुराड्यात, किंचित हवा खेळेल असा, काढता येणारा बोळा बसवा.

मग अगरबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आडवा पळाला तर तिथे फट आहे. सुतार झडपेत खाच पाडून ब्रशची पट्टी बसवतो, खिडकी पूर्वीसारखीच सरकते.

धूर काचेलगत सरळ खाली उतरत असेल, तर मात्र फट बुजवून काही होणार नाही. बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग जेमतेम ५-६ अंशांवर असतो. तिला टेकलेली हवा गार होऊन खाली घसरते आणि पायांशी वाऱ्यासारखी लागते. इथे काचेच्या आतून दुसरी काच, जाड पडदे किंवा खिडकीचीच आतली जुनी लाकडी दारं कामी येतात. अशी नीट मिटणारी दारं काचेतून जाणारी निम्मी उष्णता अडवू शकतात. कित्येक घरांत ती रंगाखाली चिकटून पडलेली असतात. ती सोडवून घ्याच.

मात्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हवाबंद करू नका. भाताची वाफ आणि आत वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा बाहेर गेला नाही, तर गार भिंतीवर काळी बुरशी धरते. गॅसची शेकोटी असलेल्या खोलीतला हवेचा झरोका तर कधीच बुजवू नये. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, म्हणून अशा खोलीत त्याचा इशारा देणारं यंत्र बसवायलाच हवं.