हातानं लिहिणं हवंच, कर्सिव्हची सक्ती कशाला?

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारं ठाण्यातलं सहा-सात वर्षांचं मूल इंग्रजीची किती अक्षरं शिकतं? आपण पटकन २६ म्हणतो. पण मोठी छापील, लहान छापील, मोठी कर्सिव्ह (एकमेकांना जोडून लिहायची) आणि लहान कर्सिव्ह असे चार संच त्याला वहीत उतरवावे लागतात. म्हणजे १०४ आकार झाले. त्यातले काही एकमेकांसारखे दिसतात, पण बरेचसे वेगवेगळेच लक्षात ठेवावे लागतात. त्याच सुमारास मराठीची बाराखडी आणि जोडाक्षरंही सुरू होतात. जून आला की नौपाड्यापासून वाशीपर्यंत वह्यांच्या दुकानांत चार रेघी वह्या घेणारे पालक दिसतात. मुलं पुढे आयुष्यभर कीबोर्डवरच लिहिणार असतील, तर हे कर्सिव्ह अजून का शिकवायचं, असं त्यातल्या अनेकांना वाटत असतं.

शंका रास्त आहे. मात्र तिच्यात दोन प्रश्न गुंतले आहेत. मुलांनी हातानं लिहावं का, हा एक. आणि अक्षरं एकमेकांना जोडूनच लिहावीत का, हा दुसरा. विज्ञान या दोन्हींची एकच उत्तरं देत नाही.

आधी हाताचं पाहू. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अक्षरं तीन प्रकारे शिकवली. काही अक्षरं मुलांनी समोर बघून मोकळ्या हातानं काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, तर काही कीबोर्डवर दाबली. मग मुलांना स्कॅनरमध्ये झोपवून तीच अक्षरं दाखवली आणि मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते पाहिलं. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग एकत्र काम करतात, ते या मुलांमध्ये मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी कामाला लागले. टाइप केलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही, आणि गिरवलेल्या अक्षरांनीही झालं नाही.

असं का व्हावं? जेम्स यांचं स्पष्टीकरण मला फार पटतं. लहान मूल स्वतः अक्षर काढतं तेव्हा ते दर वेळी वेगळं येतं. एकदा पोट फुगतं, एकदा दांडी तिरकी जाते, एकदा अक्षर रेघेबाहेर पडतं. या सगळ्या वाकड्यातिकड्या रूपांतून मेंदूला कळतं की अक्षरात काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं तर ते दुसरंच अक्षर होतं. शेजारच्या काकूंना आपण साडीत, ड्रेसमध्ये, छत्रीखाली, कशाही ओळखतो, कारण त्यांना नाना तऱ्हांनी पाहिलेलं असतं. गिरवताना मात्र ठिपके हाताला सांभाळून नेतात आणि अक्षर जवळजवळ एकाच साच्याचं उतरतं. कळ दाबताना तर ‘ए’ला आणि ‘के’ला बोटाची हालचाल सारखीच, फरक काय तो जागेचा.

प्रयोग मोजक्या मुलांवरचा होता, हे खरं. पण २००५ मध्ये फ्रान्समध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही, त्यातल्या मोठ्या मुलांना टाइप केलेल्या अक्षरांपेक्षा हातानं लिहिलेली अक्षरं चांगली ओळखता आली होती. आपल्या बालवर्गांनी यातली गिरवण्याबद्दलची बाजू गंभीरपणे घ्यावी असं मला वाटतं. अक्षर कुठून सुरू करायचं, हात कुठे वळवायचा, हे कळायला गिरवणं उपयोगी पडतं. पण पानंच्या पानं गिरवून घेण्यापेक्षा कोऱ्या जागेत स्वतः काढलेली चार ओबडधोबड अक्षरं मेंदूला जास्त शिकवतात. ती वाकडी आली म्हणून खोडून पुन्हा गिरवायला लावणं म्हणजे ज्यातून शिकायचं तेच पुसून टाकणं.

मोठ्यांच्या बाबतीत पुरावा जरा कच्चा आहे. लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्यांपेक्षा हातानं घेणाऱ्यांना विषय जास्त समजतो, असं २०१४ मध्ये पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी दाखवलं आणि ते जगभर गाजलं. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लॅपटॉपवाले वक्त्याचे शब्द जास्त प्रमाणात जसेच्या तसे उतरवतात हे दिसलं, पण समजण्यातला फरक तितका ठाम निघाला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. हातानं लिहिताना मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी कितीतरी जास्त जोडले जातात, असं त्यांना आढळलं. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कर्सिव्हचा विजय’ म्हणून फिरते. पण त्या विद्यार्थ्यांना एकाच बोटानं टाइप करायला लावलं होतं, आणि त्यांच्या लक्षात काय राहिलं हे त्यात तपासलेलंच नव्हतं. शिवाय त्यांचं हस्तलेखनही डिजिटल पेननं टचस्क्रीनवर झालं होतं.

आता अक्षरं जोडण्याकडे वळू. ही पद्धत वाढली ती लेखणीच्या सोयीसाठी. शाईत बुडवायचं पीस किंवा टाक कागदावरून वारंवार उचलला की डाग पडायचा आणि वेळही जायचा. आपल्याकडे हीच गरज मोडीनं भागवली. देवनागरीत अक्षरागणिक हात उचलावा लागतो आणि वर शिरोरेघ द्यावी लागते. मोडीत आधी पूर्ण ओळीची रेघ मारून घ्यायची आणि मग शब्दांमध्ये जागाही न सोडता बोरू पळवायचा. दफ्तरात रोज ढीगभर कागद लिहिणाऱ्या कारकुनाला याहून चांगली लिपी मिळाली नसती. पुढे बॉलपेन आलं आणि जोडण्याचं ते जुनं कारण उरलं नाही.

मग वेगाचं काय? दहावीच्या तीन तासांच्या पेपरला आजही हातच चालवावा लागतो, त्यामुळे पालकांची ही काळजी खरी आहे. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये चौथी ते नववीच्या मुलांचं लेखन तपासलं. शुद्ध कर्सिव्ह आणि शुद्ध छापील यांच्या वेगात फरक निघाला नाही. सर्वांत वेगानं लिहिणारी होती ती मिश्र अक्षरवाली मुलं, जिथे सोयीचं तिथे जोडणारी आणि जिथे अडतं तिथे सोडणारी. सरावलेला हात आपली वाट आपणच काढतो.

कर्सिव्हच्या बाजूनंही बोलायला हवं. लहान मुलं बी आणि डी, पी आणि क्यू यांची गल्लत करतात, कारण ही अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत. कर्सिव्हमध्ये बी आणि डीची सुरुवातच वेगळी होते, त्यामुळे हाताला फरक कळायला मदत होऊ शकते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये दुसरीच्या मुलांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ कर्सिव्ह शिकणाऱ्यांची शुद्धलेखनातली प्रगती चांगली दिसली. मात्र त्याच अभ्यासात मागे पडली ती आधी छापील आणि मग कर्सिव्ह अशी दोन्ही वळणं शिकणारी मुलं. आपल्याकडच्या असंख्य शाळा नेमकं हेच करतात. केजीत छापील पक्कं होतं न होतं तोच पहिली-दुसरीत सगळं बदलायचं. अक्षर काढण्यात लक्ष खर्च झालं की काय लिहायचं याला लक्ष उरत नाही, आणि ज्या वयात हात अक्षर विसरून वाक्याकडे वळायला हवा, त्या वयात आपण त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून उभं करतो.

इतर देशांतही यावर एकमत नाही. फिनलंडनं २०१६ पासून जोडलेल्या अक्षराचा आग्रह सोडला, तर कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून ते प्राथमिक शाळेत परत आणलं.

कर्सिव्ह गेलं तर जुनी पत्रं कोण वाचणार, असं विचारलं जातं. मोडीचा अनुभव आपल्यासमोर आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या वेळी मोडी वाचणाऱ्यांची राज्यभर शोधाशोध करावी लागली. म्हणून कर्सिव्ह वाचता आलंच पाहिजे, असं मीही म्हणेन. पण मोडीइतकं ते दूरचं नाही. छापील अक्षर पक्कं असलेल्या चौथी-पाचवीतल्या मुलाला काही आठवड्यांच्या सरावानं ते वाचता येईल. त्यासाठी वर्षानुवर्षं वह्या भरायची गरज नाही, आणि जोडून लिहिलं नाही म्हणून मार्क कापायची तर मुळीच नाही. डिस्ग्राफिया, म्हणजे हातानं लिहिणंच जड जाण्याची अडचण, असलेल्या मुलांना हा जाच सर्वांत जास्त होतो. त्यांना कीबोर्ड लवकर हातात मिळाला पाहिजे.

यातून वाचलेला वेळ कुठे लावायचा, याचं माझं उत्तर देवनागरी हे आहे. घरी मराठी बोलणारी घोडबंदर रोडवरची, नेरूळमधली मुलं फोनवर मराठी लिहितात ती बहुतेक रोमन अक्षरांत, नाहीतर बोलून टाइप करतात. इंग्रजीची अक्षरं त्यांना कीबोर्डवर, पाट्यांवर, पडद्यावर दिवसभर भेटतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, रफार, पोटफोडा ‘ष’ हे मात्र वहीत लिहिलं तरच हाताखालून जातं. तिसरी-चौथीत कर्सिव्हच्या वहीला मिळणारी तासिका रोज पाच-सहा ओळी मराठी लिहायला दिली, कोऱ्या एकरेघी पानावर, न गिरवता, शाळेतून येताना काय पाहिलं किंवा डब्यात काय होतं एवढंच लिहायला सांगून, तर अक्षरही बसेल आणि वाक्यही. इंग्रजीचं एकच वळण शाळेनं पहिल्यापासून धरावं, छापील किंवा कर्सिव्ह. पाचवीनंतर अक्षर वाचता येतंय ना आणि हात दुखत नाही ना, एवढंच शिक्षकांनी बघावं.