शाळेच्या स्लॅबवरचं पाणी बोअरमध्ये उतरवताना

जिल्हा परिषदेच्या शाळेचा ३०० चौरस मीटरचा स्लॅब धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पडतो. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १ लाख ६८ हजार लिटर उरतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाणीगाडीची एक वाघीण जवळपास ५० हजार लिटरची होती. म्हणजे तीन वाघिणी पाणी दरसाल एका शाळेच्या छतावरून नाल्याला जातं.

दहा हजार लिटरची टाकी बसवून भागत नाही. ती ४२ मिमी पावसातच भरते, आणि आपल्याकडे तेवढा एका रात्रीत कोसळून पुढे तीन आठवडे उघडीप असते. टाकी रोजच्या वापराला ठेवा, ओव्हरफ्लो बोअरकडे वळवा.

तासाला ५० मिमीच्या जोराच्या पावसात १०० मिमीचा उभा पाइप जेमतेम ८५ चौरस मीटर छत सांभाळतो. इथे चार लागतील. दोनच दिले की स्लॅबवर पाणी तुंबतं, वर्गात ओल उतरते.

पहिल्या सरीबरोबर धूळ आणि कबुतरांची घाण येते. किमान पहिला १ मिमी, म्हणजे पाइपमागे ७५ लिटर, बाजूला काढायला हवा. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बूच लावलेला मीटरभर पाइप दिसतो. त्यात मावतं आठ लिटर! शंभर लिटरचं बॅरल जोडा, तळाचा कॉक थेंबथेंब गळेल इतका उघडा ठेवा. पूर्ण बंद कॉक शिपाई रजेवर गेला की कोणी उघडत नाही.

बोअरभोवती दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तळाला दगड, मग खडी, वर फूटभर जाडी वाळू. केसिंगला, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपला, छिद्रं फक्त दगडांच्या थरात पाडा आणि नायलॉनची जाळी गुंडाळा. वर पाडली तर गढूळ पाणी वाळूला चुकवून आत शिरतं. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून फिरतं, तिथे बसलेला गाळ निघणं कठीण. संडासाचा शोषखड्डा १५ मीटरच्या आत असेल तर या भानगडीत पडूच नका.

बोअर नसेल तर पुनर्भरणाचा खड्डा मुरुमापर्यंत खणा. भिजलेली काळी माती फुगून पाणी अडवते.

मृग लागायच्या आधी स्लॅब झाडून धुवा, वाळूचा वरचा दोन इंच थर बदला. भर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी दिवसभर साचून राहिलं, तर तो थर पुन्हा चोंदला आहे.