वोल्बाकियाचे डास जनुक बदललेले नसतात

“डेंगी रोखण्याच्या नावाखाली जनुक बदललेले डास सोडतात, ते चावले की नवा जिवाणू माणसाच्या रक्तात शिरतो.” हा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. भीती वाटणे साहजिक आहे, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

वोल्बाकिया हा जिवाणू कीटकांच्या पेशींच्या आतच जगतो. १९२४ साली तो पहिल्यांदा दिसला क्युलेक्स डासांत. आपल्या गटारांत वाढणारे क्युलेक्स डासही तो बाळगतात, म्हणजे असे डास आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या चावत आले आहेत. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीत मात्र तो सहसा नसतो. म्हणून फळमाशीतला वोल्बाकिया त्याच्या अंड्यांत सुईने सोडतात. पुढे तो मादीकडून पिलांत आपोआप जातो. डासाची जनुके तीच राहतात. पडताळा असा: या डासांना टेट्रासायक्लिन दिले की जिवाणू मरतो आणि पुढची पिढी पुन्हा साधी निपजते. जनुकांतला बदल अँटिबायोटिकने पुसला गेला नसता.

वोल्बाकिया असला की डेंगीचा विषाणू डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंगीचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी आढळले.

एक गोष्ट मात्र लपवू नये. हत्तीरोगाच्या जंतांतही वोल्बाकियाचा वेगळा प्रकार असतो, आणि जंत मेले की बाहेर पडलेल्या त्या जिवाणूमुळे रुग्णाला ताप, सूज येऊ शकते. पण तो येतो जंताच्या पोटातून, आणि तिथेच उपचाराची वाटही सापडली: डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले की वोल्बाकिया मरतो आणि जंताची मादी वांझ होते.