दहावीचा पहिला धडा: उत्क्रांती शिकवण्याच्या वादामागचा इतिहास

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकात दहा प्रकरणं आहेत आणि त्यातलं पहिलंच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. बालभारतीचं हे पुस्तक २०१८ पासून वर्गात आहे. सोलापुरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांच्याही शाळा आहेत आणि राज्य मंडळाच्या सगळ्या शाळांना अभ्यासक्रम हाच. याच शहरातल्या सीबीएसईच्या दहावीला मात्र उत्क्रांती नाही. सीबीएसईच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाला कात्री लावली आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’चं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. एकाच रिक्षातून शाळेला जाणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला डार्विन भेटतो, दुसऱ्याला भेटत नाही.

या वादाचं मूळ गाव अमेरिका. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा, पण शाळांमध्ये ठिणगी पडायला तिथे साठ-पासष्ट वर्षं लागली. तोवर जीवशास्त्र मूठभर लोक शिकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायस्कुलं झपाट्याने वाढली, खेड्यापाड्यातली मुलं वर्गात आली आणि धर्मनिष्ठ पालकांच्या हाती पहिल्यांदाच ते पाठ्यपुस्तक पडलं. मार्च १९२५ मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला: सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत बायबलमधली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारणारं, माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सांगणारं काही शिकवायचं नाही. त्याच जुलैत डेटन या छोट्या गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. बचावाला नामांकित वकील क्लॅरेन्स डॅरो, फिर्यादीच्या बाजूला उत्क्रांतीविरोधी राजकीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. स्कोप्स दोषी ठरला, दंड शंभर डॉलर.

पुढे जे झालं ते निकालापेक्षा महत्त्वाचं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ही शिक्षा रद्द केली, पण तांत्रिक कारणावरून: पन्नास डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीने ठरवायचा असतो, तो न्यायाधीशाने ठरवला होता. त्यामुळे वरच्या कोर्टात न्यायला प्रकरणच उरलं नाही आणि कायदा १९६७ पर्यंत जिवंत राहिला. दरम्यान प्रकाशकांनी व्यापारी हिशेब केला. दक्षिणेतली राज्यं पुस्तक घेणार नसतील तर तो भाग बारीक करा किंवा काढून टाका. कोर्टात गाजावाजा झाला आणि पुस्तकातून मजकूर गुपचूप गेला. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्कोप्सच्या वर्गातलं जीवशास्त्राचं पुस्तक उत्क्रांतीबरोबर वंशशुद्धीही शिकवत होतं. गुन्हेगारी, व्यसन, दारिद्र्य काही घराण्यांच्या रक्तातच असतं, अशी त्यात मांडणी होती. सोलापूरकरांना हा विचार परका वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं, आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी सोलापुरात मोठी वसाहत उभी राहिली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांची प्रतवारी लावणं हे विज्ञान नव्हतं, आणि उत्क्रांतीला झालेल्या विरोधातला एक धागा या प्रतवारीच्या भीतीचाही होता. ब्रायनला केवळ अडाणी म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं.

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या शाळांतलं विज्ञान मागे पडल्याचा साक्षात्कार झाला. सरकारी पैशातून जीवशास्त्राची नवी पुस्तकं निघाली आणि त्यांत उत्क्रांती मध्यभागी होती. तिथून कोर्टातली दुसरी फेरी सुरू झाली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सासचा बंदीचा कायदा घटनाबाह्य ठरवला. बंदी घालता येत नाही म्हटल्यावर विरोधकांनी ‘समान वेळ’ मागितला: उत्क्रांती शिकवता ना, मग ‘निर्मिती-विज्ञान’ही तेवढंच शिकवा. आर्कान्सासमधला असा कायदा जानेवारी १९८२ मध्ये न्यायाधीश ओव्हरटन यांनी रद्द केला आणि निकालात विज्ञान कशाला म्हणायचं याची यादीच दिली. नैसर्गिक नियमांवर आधार, अनुभवाच्या कसोटीवर तपासता येणं, निष्कर्ष तात्पुरते असणं, खोटे ठरू शकणं वगैरे. १९८७ मध्ये लुइझियानाचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी पाडला; त्या खटल्यात ७२ नोबेल विजेत्यांनी कोर्टापुढे लेखी म्हणणं मांडलं होतं.

मग तिसरा अवतार आला, ‘बुद्धिमान रचना’. देवाचं नाव घ्यायचं नाही, फक्त ‘कुणीतरी रचनाकार’ म्हणायचं. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये नववीच्या मुलांपुढे तसं निवेदन वाचायचं ठरवलं आणि ११ पालक कोर्टात गेले. मंडळाने ज्या संदर्भपुस्तकाकडे बोट दाखवलं होतं त्याचे जुने मसुदे साक्षीत बाहेर आले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यात जिथे ‘निर्मितीवादी’ होतं तिथे नंतरच्या मसुद्यात ‘रचनेचे पुरस्कर्ते’ आलं होतं, बाकी मजकूर तोच. एका ठिकाणी तर बदल करताना घाईत जुना शब्द अर्धाच पुसला गेला होता आणि नवा त्याच्यातच अडकला होता. २० डिसेंबर २००५ ला निकाल लागला: हे विज्ञान नाही. शाळा मंडळाला वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर मोजावे लागले. तरीही २०१२ मध्ये टेनेसीतच नवा कायदा झाला, जो शिक्षकांना उत्क्रांतीसारख्या विषयांतली ‘बलस्थानं आणि उणिवा’ चर्चेला घ्यायला संरक्षण देतो. बंदी, समान वेळ, रचना, उणिवा: मागणी प्रत्येक वेळी आधीपेक्षा मवाळ शब्दांत आली.

आपल्याकडे असा खटला उभा राहिला नाही, आणि त्याला कारण आहे. आयर्लंडचे बिशप अशर यांच्या बायबलवर आधारलेल्या गणिताने सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली. तिथे भूशास्त्राशी टक्कर अटळ होती. आपल्या पुराणांत एक कल्पच ४३२ कोटी वर्षांचा. चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हटल्या की जीवांची साखळीही ओळखीची वाटते. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त सांख्य दर्शनाच्या सृष्टिक्रमाशेजारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल ठेवून तुलना केली, भांडण नव्हे, मेळ घालायचा प्रयत्न होता. दशावतार म्हणजेच उत्क्रांती हे समीकरणही एकोणिसाव्या शतकातलंच आणि ते आजही वर्गात सर्रास सांगितलं जातं. मुलांना धडा जवळचा वाटावा हा हेतू चांगला, पण गैरसमज तिथूनच सुरू होतात. मत्स्यातून कूर्म आणि कूर्मातून वराह जन्मला असं कथा म्हणत नाही. उभयचराच्या जागी बसवलेलं कासव हा सरीसृप आहे. आणि अवतार हेतूने येतो, उत्क्रांतीला हेतू नसतो. हे तिसरं निसटलं की बाकीचा धडा पाठ होतो, समजत नाही.

मेळ न घालणारा प्रवाहही होता, आणि त्याचा सोलापूरशी जुना संबंध आहे. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांच्या ‘सत्यार्थप्रकाशा’नुसार सृष्टीच्या आरंभी त्रिविष्टप म्हणजे तिबेटात अनेक माणसं तरुण अवस्थेतच निर्माण झाली. माणूस पहिल्यापासून माणूसच. निजामाविरुद्धच्या आर्य सत्याग्रहाची तयारी डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरातच, बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखालच्या आर्य परिषदेत झाली आणि १९४० मध्ये इथे दयानंद महाविद्यालय उभं राहिलं. गंमत अशी, की त्या चळवळीतून निघालेल्या संस्थांनी विज्ञान शाखा चालवल्या आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवला. शाळेतली उत्क्रांती बंद करा, ही मागणी तेव्हा कुणी रेटली नाही.

ती जाहीरपणे आली जानेवारी २०१८ मध्ये, औरंगाबादच्या वैदिक संमेलनात. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहिलेलं वा सांगितलेलं नाही, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या राज्यमंत्र्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. विषय तिथे मिटल्यासारखा वाटला.

पाच वर्षांनी धडा गेला तो मात्र कुणाच्याही भाषणाने नव्हे. कारण दिलं गेलं कोविडनंतर मुलांवरचं ओझं कमी करण्याचं. त्याच कात्रीत दहावीची आवर्तसारणीही गेली, त्यामुळे हा निव्वळ धार्मिक डाव होता असं म्हणायला कागदोपत्री आधार नाही. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुलं पत्र लिहून आक्षेप घेतला. उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात हे प्रकरण आहेच. इथे गफलत आहे. दहावीनंतर कला, वाणिज्य, आयटीआय, पदविका घेणारा मुलगा बारावीचं जीवशास्त्र उघडतच नाही. विज्ञान शाखेतलाही गणितवाला ते सोडू शकतो. दहावीचा धडा काढला म्हणजे बहुतेकांसाठी तो कायमचा काढला. प्रकाशकांनी १९२७ नंतर जे केलं त्याची इथे आठवण होते ती हेतूमुळे नाही, परिणामामुळे.

राज्य मंडळाच्या पुस्तकात धडा शाबूत आहे, पण त्याची गत काय होते हेही पाहायला हवं. प्रकरणाची सुरुवात प्रथिन-संश्लेषणाने होते: प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण. जूनचे तास त्यातच जातात. पुरावे, डार्विन, सवयीने झालेले बदल पुढच्या पिढीत उतरतात म्हणणारा लॅमार्क आणि मानवी उत्क्रांती उरलेल्या वेळात कोंबली जाते. लेखी पेपर ४० गुणांचा, त्यात विचारलं जातं ते व्याख्या, फरक, जोड्या. पुस्तकातही दुरुस्तीला जागा आहे. मानवाच्या वाटचालीत पहिला म्हणून रामपिथेकस अजून दिसतो. शिवालिकमध्ये सापडलेल्या या जीवाश्माला १९८० च्या दशकापासून संशोधक शिवपिथेकसबरोबर, म्हणजे ओरांगउटानच्या बाजूच्या फांदीवर ठेवतात. अंडी घालणारा प्लॅटिपस हा सरीसृप आणि सस्तन प्राण्यांना जोडणारा दुवा म्हटला की मुलं त्याला सस्तन प्राण्यांचा पूर्वज समजतात. तो आज जगणारा नातलग आहे, पूर्वज नाही. माणूस आणि चिंपांझी यांचंही तेच: एकमेकांपासून आलेले नाहीत, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा पूर्वज सामाईक आहे.

सगळ्यात मोठा घोळ कार्बन-१४ चा. वय काढायची पद्धत म्हणून मुलांना तेवढीच माहीत असते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. दहा अर्धायुकालांत मूळ कार्बन-१४ हजारात एक भाग उरतो आणि पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजणं जवळपास अशक्य होतं. सोलापूरच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे अकरा हजारांहून जास्त अर्धायुकाल. त्याचं वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून, काही थरांत झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशावरून निघतं. कार्बनने डायनासोरचं वय सांगणारा शिक्षक निर्मितीवादी पत्रकांच्या हातात आयतं हत्यार देतो, कारण ती पत्रकं याच चुकीवर बोट ठेवतात. आपल्या खाणींत जीवाश्म का मिळत नाहीत, याचंही उत्तर तिथेच आहे: तप्त लाव्हात सांगाडा टिकत नाही, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या गाळाच्या थरांतच काही सापडण्याची आशा.

आणि पुरावा दूर शोधायला नको. रब्बीची मालदांडी, एम ३५-१, मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणातूनच निवडून काढली: चांगली कणसं वेगळी काढायची, त्यांचं बी वेगळं पेरायचं, पुन्हा निवडायचं. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैसही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतूनच घडली. माणसाने न निवडता काय होतं ते गुलाबी बोंडअळीने दाखवलं. अळीला मारणारं द्रव्य स्वतःच बनवणाऱ्या बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मिळे, कडेने लावायला. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होऊन प्रतिकार पातळ राहावा, हा हिशेब. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. बीटीला न मरणाऱ्या थोड्याशा अळ्याच पुढे वंश वाढवत राहिल्या आणि २०१७ च्या हंगामात राज्यातल्या कापसाचं मोठं नुकसान झालं. एकेक अळी ‘सवयीने’ बदलली नाही, अळ्यांच्या समूहातलं प्रमाण बदललं. लॅमार्क आणि डार्विन यांतला फरक विचारणाऱ्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

कायद्याची बाजू आपल्याकडे तशी भक्कम आहे. राज्याच्या निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं घटनेचं कलम २८ सांगतं, आणि १९७६ पासून कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये डार्विन आणि आइनस्टाइन दोघांनाही चूक ठरवू पाहणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. पण पुस्तकातून प्रकरण गाळण्यावर यातलं काहीच लागू पडत नाही, आणि तो निर्णय आता राज्यातही तोंडावर आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत महाराष्ट्र एनसीईआरटीच्या धर्तीवर पुस्तकं बदलतो आहे: २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला नववी धरून चार इयत्ता, २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावर २०२४ मध्ये हरकती मागवल्या होत्या. विषयवार मसुदे येतील तेव्हा विज्ञान शिक्षकांनी नववी आणि दहावी शेजारी ठेवून तीन गोष्टी शोधाव्यात: पुराव्यांचा भाग आहे का, नैसर्गिक निवड उदाहरणासह आहे का, आणि मानवी उत्क्रांती आहे का. एकीकडचं ‘दुसऱ्या इयत्तेत आहे’ म्हणून काढलं असेल, तर दुसऱ्या इयत्तेचं पुस्तक उघडून खात्री करावी.