फोटोत हिरवं, डोळ्यांना पांढुरकं

पावसाळा लागला की व्हॉट्सअॅपवर भीमाशंकरच्या जंगलाचे फोटो फिरू लागतात. काळोखात हिरवीगार उजळलेली झाडं! सोबत 'महादेवाची लीला' वगैरे मजकूर असतोच. (ही चमक असते बुरशीची आणि याच गटातल्या बुरशा जपानात आणि ब्राझीलमध्येही चमकतात. तिथे कुठलं ज्योतिर्लिंग?) फोटो पाहून हौसेने गेलेले अनेक जण मात्र 'सगळं फोटोशॉप आहे' म्हणत परततात. पहिल्या खेपेला मीही तेच म्हणालो होतो.

उजेड खरा आहे. ओल्या, कुजक्या फांद्यांत मायसेना गटातल्या बुरशीचे धागे पसरलेले असतात. त्यांच्यातल्या ल्युसिफेरिन या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफेरेज हे विकर तो घडवून आणतं आणि सुटलेली ऊर्जा सुमारे ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशात बाहेर पडते.

मग तो हिरवा का दिसत नाही? घोळ आपल्या डोळ्यांत आहे. रंग ओळखतात त्या शंक्वाकार पेशी, आणि इतक्या मंद उजेडात त्या कामच करत नाहीत. उरतात दंडाकार पेशी, एकेका डोळ्यात सुमारे १२ कोटी. त्यांच्यातल्या ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्यात रेटिनल नावाचा वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा एकच कण, फोटॉन, आदळला तरी तो सरळ होतो आणि पेशी संदेश धाडते. एका फोटॉनवर! पण सगळ्या दंडाकार पेशींत रंगद्रव्य एकच, त्यामुळे तुलना करायला दुसरं काही नाही आणि रंगही कळत नाही. दिसतो तो फिकट, राखाडी धूसरपणा. शिवाय सरळ झालेला रेणू पुन्हा वाकडा होऊन जागेवर बसायला वेळ लागतो. म्हणून अंधारात अर्धा तास तरी थांबावं लागतं आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की सगळं मुसळ केरात.

कॅमेऱ्याचं तसं नाही. डोळा जेमतेम दशांश सेकंदाचा प्रकाश साठवतो, तर ट्रायपॉडवरचा कॅमेरा ३० सेकंद, म्हणजे सुमारे ३०० पट. त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या अंधारातही काम करतात.

गेलात तर लाल टॉर्च न्या. गडद लाल उजेड दंडाकार पेशींना फारसा जाणवत नाही. काटकीकडे थेट पाहू नका, जरा बाजूला पाहा, कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडाकार पेशीच नसतात. अभयारण्यात रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते. आणि ती काटकी घरी आणून उपयोग नाही, वाळली की विझते.